कॅलिगारीचे सेट आभासी जगात उभारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२६ फेब्रुवारी १९२० रोजी बर्लिनच्या मार्मोरहाउस चित्रपटगृहात ‘डास कॅबिनेट डेस डॉ. कॅलिगारी’ हा मूकपट पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शक रॉबर्ट वीने, छायालेखक विली हामाइस्टर, आणि नेपथ्य तिघांचं: हेर्मान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर रोरिग. वाकड्या भिंती, टोकदार खिडक्या आणि चक्क ब्रशने रंगवलेल्या सावल्या हीच या भयपटाची ओळख. थ्रीडी शिकणाऱ्या अनेकांना हे सेट व्हीआरमध्ये उभारावेसे वाटतात, आणि अडचणी जवळपास सगळ्यांना त्याच येतात. पुढची उत्तरं ब्लेंडर आणि युनिटीची जुजबी ओळख गृहीत धरून लिहिली आहेत. अनरिअल किंवा गोडो वापरत असाल तर बटणं बदलतील, तत्त्वं तीच राहतील.

मॉडेल नेमकं कशाचं करायचं? कथेतल्या होल्स्टेनवाल गावाचं की सेटचं?

सेटचं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका निर्णयावर उभी आहेत.

चित्रीकरण १९१९च्या डिसेंबरअखेरीपासून जानेवारी १९२० पर्यंत बर्लिनजवळच्या वाइसेन्झे इथल्या लिक्सी स्टुडिओत झालं. जागा लहान होती, त्यामुळे बहुतेक सेट रुंदीला आणि खोलीला ६ मीटरच्या आतच आहेत. कथेतलं गाव म्हणजे लाकडी चौकटींवर ताणलेलं कापड आणि त्यावरचा रंग. तिथली वाकडी खिडकी ही रंगवलेली खिडकी आहे, भिंतीत पाडलेलं भोक नव्हे. मॉडेलमध्ये तुम्ही तिथे खरं भोक पाडलंत की भिंतीची जाडी दिसू लागते, पलीकडचं आकाश दिसू लागतं, आणि चित्राची सगळी धार जाऊन जत्रेतल्या खेळण्यातलं घर हाती उरतं.

मराठी नाटकाच्या रंगमंचामागे ज्यांनी काम केलं आहे त्यांना हे पटकन समजतं. फ्लॅट (चौकटीवर ताणलेलं रंगवलेलं कापड), विंगा, लेव्हल (उंचवटा), झालर याच शब्दांत विचार करा. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. सपाट कापडावर खोली कशी उभी करायची, याची विद्या आपल्याकडेही होतीच.

मग सगळंच सपाट ठेवायचं का?

नाही. एक साधा नियम पाळा: नट ज्याला हात लावतो, ज्यावर बसतो-चढतो किंवा ज्यातून आरपार जातो ती वस्तू घन. बाकी सगळा रंग. त्यामुळे झोपेत चालणाऱ्या चेझारेची पेटी, नगरपालिकेतल्या कारकुनाचं उंचच उंच स्टूल, पायऱ्या, दाराच्या चौकटी आणि कॅलिगारीची गाडी यांचं मॉडेल करावं लागतं. धुराडी, दूरच्या घरांचे ढीग आणि टेकडीवरचं गाव फ्लॅटवरच राहू द्या.

संदर्भासाठी कोणती प्रत वापरावी?

फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाउ प्रतिष्ठानाने २०१४ साली केलेलं ४के पुनरुज्जीवन. त्यासाठी जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात (बुंडेसआर्खिव) जतन केलेली मूळ कॅमेरा निगेटिव्ह वापरली गेली, म्हणून फ्लॅटवरचे ब्रशचे फटकारेसुद्धा दिसतात. त्या निगेटिव्हचं पहिलं रीळ मात्र हरवलेलं आहे. सुरुवातीची दृश्यं इतर प्रतींतून घ्यावी लागली आणि ती मऊ दिसतात. पहिलाच प्रयत्न असेल तर सुरुवातीच्या बागेचा सेट घेऊ नका. तुरुंगाची कोठडी किंवा वेड्यांच्या इस्पितळाचं अंगण घ्या.

जालावर सापडणाऱ्या जुन्या प्रती टाळा. त्यांत चौकटीच्या कडा कापलेल्या असतात आणि कॉम्प्रेशनमुळे बारीक रेघा विरघळून जातात. थोडं गणित केलं तर फरक लक्षात येतो. ब्लू-रेच्या १९२०×१०८० चौकटीत ४:३ चित्राला १४४०×१०८० पिक्सेल मिळतात. ६ मीटरची भिंत त्यात पूर्ण मावत असेल तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे ४ मि.मी. ४के प्रतीत २८८०×२१६० मिळतात, म्हणजे साधारण २ मि.मी. कुठल्याही प्रतीतून व्हीआरसाठी तयार टेक्स्चर मिळत नाही. फ्रेम हा आराखडा आहे, त्यावर रंगकाम आपल्यालाच करायचं आहे.

फ्रेममध्ये नट उभे असतात. मोकळा सेट कसा मिळवायचा?

कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर आहे, आणि हीच मोठी सोय. एकाच शॉटमधल्या ३०-४० फ्रेम अंतरा-अंतराने पीएनजीमध्ये काढा. मग या क्रमाने जा:

१. फ्रेम एकमेकींवर बसवा. फिल्म कॅमेऱ्याच्या गेटमध्ये किंचित हलते, त्यामुळे फ्रेमगणिक एक-दोन पिक्सेलचा फरक असतो. ह्युगिनमधलं अलाइन इमेज स्टॅक किंवा ओपनसीव्ही चालेल.
२. उजेड सारखा करा. हाताने हँडल फिरवून चालवलेल्या कॅमेऱ्यामुळे फ्रेमगणिक उजेड कमीजास्त होतो. भिंतीचा एक रिकामा चौकोन निवडा आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याची सरासरी जुळवून घ्या.
३. प्रत्येक पिक्सेलचा मध्यक (मीडियन) काढा, म्हणजे सगळ्या फ्रेममधल्या किमती क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत.

नट हलत असेल तर तो नाहीसा होतो, ओरखडे जातात, आणि ३६ फ्रेममध्ये फिल्मचे दाणे साधारण पाचपटीने कमी होतात. उजेड सारखा न करता मध्यक काढला तर भिंतीवर ढगाळ डाग उमटतात. नट निम्म्याहून जास्त फ्रेममध्ये एकाच जागी असेल तर तो भुतासारखा उरतो. तेवढा भाग त्याच सेटच्या दुसऱ्या शॉटमधून घ्या किंवा हाताने रंगवा.

चित्रावरून कॅमेऱ्याची जागा काढणाऱ्या एफस्पायमध्ये कॅमेरा जुळवला तर वेडीवाकडी उत्तरं येतात. का?

कारण त्या साधनाला खऱ्या जगातल्या समांतर रेघा लागतात, आणि या सेटमध्ये त्या मुद्दामच मोडलेल्या आहेत. दाराच्या दोन बाजू समांतर नाहीत, जमिनीवरच्या रेघा फळ्यांच्या नाहीत, त्या रंगवलेल्या आहेत. साधन त्यांना खरं मानतं आणि कॅमेरा भलतीकडेच नेऊन ठेवतं.

इथे माणसं विश्वासार्ह आहेत. एकच नट जवळ आणि दूर सरळ उभा असलेल्या दोन फ्रेम घ्या. पायापासून पायापर्यंत एक रेघ ओढा, डोक्यापासून डोक्यापर्यंत दुसरी. त्या वाढवल्यावर जिथे छेदतात तो बिंदू क्षितिजरेषेवरचा. असे तीन-चार बिंदू काढा. ते एका आडव्या रेघेत आले तर जमीन सपाट आहे. तिरके किंवा विखुरलेले आले तर त्या सेटची जमीन उताराची आहे किंवा नट लेव्हलवर उभा आहे.

क्षितिजरेषा नटाला कुठे कापते यावरून कॅमेऱ्याची उंची मिळते. नट १.७५ मीटर धरला आणि रेषा त्याच्या उंचीच्या ०.८ वर आली तर कॅमेरा १.४ मीटरवर. लेन्ससाठी ब्लेंडरमध्ये सेन्सरची रुंदी २४ मि.मी. ठेवा, फोकल लांबी ५० मि.मी.पासून सुरू करा आणि गरजेप्रमाणे ४० किंवा ३५ पर्यंत खाली या. ५० मि.मी.ला आडवा कोन सुमारे २७ अंश येतो आणि ६ मीटर रुंदी चौकटीत बसवायला साडेबारा मीटर मागे जावं लागतं. ४० मि.मी.ला १० मीटर पुरतात. शेवटी मागची भिंत ६ मीटरपेक्षा फार मोठी येत असेल तर तुमचं प्रमाण चुकलं आहे. लेन्स बदलण्याआधी नटाची उंची आणि क्षितिज पुन्हा तपासा.

फ्लॅट कसे बांधायचे आणि चित्र त्यांवर कसं बसवायचं?

आधी कागदावर वरून दिसणारा नकाशा काढा: कोणता फ्लॅट कोणाच्या पुढे आहे, नट कोणत्या फटीतून येतो. एका सेटला साधारण ५ ते ९ फ्लॅट लागतात. प्रत्येकाला ३-४ सें.मी. जाडी द्या आणि मागे दोन बाय एक इंचाच्या रिपांची चौकट. जाडी नसलेला फ्लॅट व्हीआरमध्ये हवेत चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसतो. मोठ्या फ्लॅटच्या मधोमध ५ ते १० मि.मी.चा फुगवटा दिलात तर ते ताणलेलं कापड आहे हे डोळ्याला लगेच कळतं.

मग जुळवलेल्या कॅमेऱ्यातून यूव्ही प्रोजेक्ट मॉडिफायरने फ्रेम फ्लॅटवर टाका. त्याआधी प्रत्येक फ्लॅट निदान १६×१६ चौकोनांत विभागायलाच हवा. नाहीतर चारच कोपऱ्यांवर यूव्ही अचूक येतं आणि मधलं चित्र वाकतं. हे वाकडेपण सेटच्या वाकडेपणात सहज लपून जातं, म्हणून चूक उशिरा लक्षात येते. प्रोजेक्शन झालं की ते सपाट टेक्स्चरवर बेक करा, म्हणजे कायमचं उमटवा, आणि पुढचं सगळं रंगकाम त्या सपाट चित्रावर करा.

पुढच्या फ्लॅटच्या आडोशाला गेलेला भाग कडेपासून ३०-४० सें.मी. आतपर्यंत रंगवा. व्हीआरमध्ये मान जराशी हलली तरी तिथली रिकामी जागा दिसते. जमिनीचा दूरचा भाग प्रोजेक्शनमध्ये नेहमीच ताणला जातो, तिथे फ्रेममधले पिक्सेल फारच थोडे असतात. तो पुन्हा काढावाच लागतो.

फ्लॅटच्या दातेरी कडा पारदर्शक टेक्स्चरने कापू नका, मॉडेलच्या जाळीनेच (मेश) कापा. जाळीच्या कडा ४ पट एमएसएएने गुळगुळीत होतात. पारदर्शक कडा मात्र दूरवर लुकलुकतात आणि एकावर एक आल्या की चुकीच्या क्रमाने काढल्या जातात.

दिवा लावला की सेट बिघडतो. सावल्या दुहेरी दिसतात. काय करायचं?

सर्वांत जास्त कामं इथेच फसतात. या सेटवर उजेडाचे झोत आणि सावल्या रंगवलेल्या आहेत. टेक्स्चरमध्ये आधीच तीन गोष्टी एकत्र आहेत: रंगवलेली सावली, स्टुडिओतल्या खऱ्या दिव्यांचा उजेड, आणि लेन्सच्या कडेचा काळोख. त्यावर तुमचा दिवा पडला की चौथा थर चढतो.

पहिल्यांदा खरा उजेड काढून टाका. टेक्स्चरची प्रत घ्या, रुंदीच्या पाव भागाइतक्या त्रिज्येने ती धूसर करा आणि मूळ चित्राला तिने भागा. परिणाम निम्म्याच जोराने लावा. पूर्ण जोराने लावलात तर नेपथ्यकारांनी मुद्दाम गडद केलेले कोपरेही उजळतात आणि सेट धुतल्यासारखा दिसतो. ओळखायची खूण अशी: रंगवलेल्या सावलीची कड ब्रशची, करकरीत असते, दिव्याचा उतार मऊ असतो.

मग फ्लॅटना प्रकाशाचा परिणाम न होणारं, म्हणजे अनलिट, मटेरियल द्या. सावली टाकणं आणि घेणं दोन्ही बंद. फर्निचर आणि पात्रांसाठी कॅमेऱ्याच्या बाजूने एकच पसरट दिवा पुरतो. पात्रांच्या पायाखाली एक मऊ डाग ठेवा, नाहीतर ती तरंगतात.

एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. नायकाच्या मित्राचा, अॅलनचा खून भिंतीवरच्या सावलीतून दिसतो, आणि ती सावली खरी आहे. तिथे भिंतीला सावली घेऊ द्या आणि खालून एक स्पॉट लावा. बाकी चित्रपटभर सावल्या बहुतेक हलत नाहीत आणि इथे एक सावली हलते, त्या दृश्याची भीती त्यातच आहे. इतर सेटमध्ये खऱ्या सावल्या टाकल्यात तर हा क्षण फुकट जातो.

सेटचे मूळ रंग कसे शोधायचे?

चित्रपटातून ते कळत नाहीत. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी आणि निळ्याला तीव्र होती. म्हणजे पडद्यावरचा काळा हा सेटवर लाल असू शकतो आणि पांढरा फिकट निळा. करड्या छटेवरून रंगाचा अंदाज बांधणाऱ्या एआय साधनांचं उत्तर इथे कामाचं नाही.

काळा-पांढराच ठेवा आणि वर मूक काळातलं टिंट द्या, म्हणजे पॉझिटिव्ह फिल्म रंगात बुडवून आलेली एकसारखी छटा. टिंटमध्ये उजळ भाग रंगतात आणि काळा काळाच राहतो, म्हणून शेडरमध्ये साधा गुणाकार पुरतो. काळ्यातही रंग चढला तर ते टोनिंग, ही प्रक्रिया वेगळी.

टेक्स्चर किती मोठं हवं?

क्वेस्ट ३ हेडसेटमध्ये एका अंशाला सुमारे २५ पिक्सेल मिळतात. २ मीटरवरून एक अंश म्हणजे ३.५ सें.मी., म्हणजे दर पिक्सेलला १.४ मि.मी. ६ मीटरच्या फ्लॅटला ४०९६ पिक्सेल दिले तर हेच प्रमाण येतं. वापरणारा २ मीटरपेक्षा जवळ जाणार नसेल तर ४०९६ पुरतात, ४ मीटरपलीकडच्या फ्लॅटला २०४८. टेबल, दार, पेटी यांना स्वतंत्र टेक्स्चर द्या, कारण लोक तिथे नाक लावून बघतात.

कॉम्प्रेशनसाठी एएसटीसी ६×६ घ्या. ४०९६ चौरसाचं टेक्स्चर मिपमॅपसह (दुरून दाखवायच्या लहान प्रतींसह) सुमारे १० एमबी होतं. हेच कॉम्प्रेस न करता जवळजवळ ९० एमबी जागा खातं. ८×८ मध्ये जागा आणखी वाचते, पण ब्रशच्या कडांभोवती चौकोनी किडे दिसायला लागतात आणि या कामात कड हेच सर्वस्व आहे.

कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काय दाखवायचं?

चित्रपट ३० अंशांच्या आसपास दाखवतो, हेडसेट शंभरच्या आसपास. उरलेली जागा कशाने तरी भरावी लागते. इथे बरेच जण उरलेलं गाव स्वतः कल्पून काढतात. तसं करू नका. त्या तिघांच्या रेघेशेजारी आपली रेघ ठेवली की दोन्ही खोट्या वाटायला लागतात.

स्टुडिओ दाखवा. फ्लॅटच्या मागच्या रिपा, टेकू, लाकडी जमीन, दिव्यांचे स्टँड, आणि पुढे विझत जाणारा अंधार. मूळ कॅमेऱ्याच्या जागी जमिनीवर एक खूण करा. वापरणारा तिथे उभा राहिला की चित्र जुळतं, दोन पावलं बाजूला सरकला की गल्ली मोडून कापड होते. दोन डोळ्यांनी, जवळून पाहताना रंगवलेली खोली टिकत नाही, हे खरंच आहे. पण चेझारेचं काम करणारा कॉनराड फाइट त्या भिंतीला चिकटून सरकत होता तेव्हा त्याला ती अशीच दिसत होती.

आत गेल्यावर लोकांना गरगरतं. उपाय?

तिरक्या भिंतींनी वेढलं की मेंदूचा उभ्या रेषेचा अंदाज चळतो. हेडसेटमध्ये स्वतःचं शरीर दिसत नसल्याने आधारच उरत नाही. तीन गोष्टी करा. जमिनीची जाळी समतल ठेवा, चढ असेल तिथे फक्त टेलिपोर्ट. वळण ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्यांत. आणि नजरेत सतत काहीतरी खरोखर उभं राहू द्या. स्टुडिओतले दिव्यांचे स्टँड आणि फळ्यांची जमीन इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतात.

पूर्ण दृश्यावर जुन्या फिल्मची लुकलुक कधीही लावू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट काही लोकांना झटका आणू शकतो. दाणेही पडद्यावर नकोत, डोळ्याला चिकटल्यासारखे वाटतात. हवेच असतील तर टेक्स्चरमध्ये घाला.

कोणते सेट विशेष अवघड आहेत?

इस्पितळाच्या अंगणात जमिनीवर किरणांसारखे पट्टे मध्यातून बाहेर पसरतात. ते थेट प्रोजेक्शनमधून घेतले तर दूरच्या बाजूचे पट्टे फाटतात. वरून पाहिल्यासारखं चित्र नव्याने काढा, मग कॅमेऱ्यातून ताडून बघा.

तुरुंगाच्या कोठडीत भिंतीवरचे आणि जमिनीवरचे पट्टे कैदी बसतो त्या जागेकडे धावतात. वापरणाऱ्याला नेमकं तिथेच, खाली बसलेल्या उंचीवर, म्हणजे साधारण ०.८ मीटरवर आणा. उभं ठेवलंत तर भिंती अंगावर येत नाहीत.

नायिका जेनची खोली उलट कारणाने अवघड. तिथे पातळ पांढरे पडदे आहेत आणि पारदर्शकता टाळता येत नाही. दोनपेक्षा जास्त थर एकमेकांमागे येऊ देऊ नका.

हवेत उमटणारी ‘तू कॅलिगारी झालंच पाहिजेस’ ही अक्षरं सेटवर ठेवायची का?

नाही. ती चित्रीकरणानंतर फ्रेमवर उमटवलेली आहेत, सेटवर नव्हती. ठेवायचीच असतील तर फक्त कॅमेऱ्याच्या खुणेवर उभं राहिल्यावर दिसू द्या.

फ्रेम पडतात, चित्र अडखळतं. कुठे बघायचं?

९० हर्ट्झला एका फ्रेमसाठी ११.१ मिलिसेकंद मिळतात. एका सेटला ४० हजार त्रिकोण खूप झाले, अडचण बहुधा वेगळीकडे असते: पारदर्शक थर, पूर्ण पडद्यावरचे पोस्ट इफेक्ट, नको तिथे चालू राहिलेल्या सावल्या. या क्रमाने बंद करून बघा. फ्लॅट लुकलुकत असतील तर दोन फ्लॅटमध्ये निदान ५ मि.मी. अंतर ठेवा आणि कॅमेऱ्याची दूरची मर्यादा ५० मीटरवर आणा.

हे प्रसिद्ध करायला परवानगी लागते का?

भारतात चित्रपटाचं स्वामित्व प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतं. अमेरिकेतही हा चित्रपट मुक्त आहे. जर्मनीत मात्र मुदत निर्मात्या कलावंताच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत जाते, आणि हेर्मान वार्म १९७६ साली वारले. सेटची रेखाटनं स्वतंत्र कलाकृती धरली गेली तर तिथे अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत. युरोपात विकणार किंवा प्रदर्शनात मांडणार असाल तर वकिलाला विचारा. पुनरुज्जीवित प्रतीवर आणि तिच्या नव्या संगीतावर वेगळे हक्क असू शकतात. तिच्या फ्रेम जशाच्या तशा टेक्स्चर म्हणून देऊ नका, आणि संगीत स्वतःचं किंवा परवान्याचं वापरा.

काम बरोबर झालं आहे हे कसं तपासायचं?

मूळ कॅमेऱ्याच्या जागेवरून रेंडर काढा आणि मूळ फ्रेम ५० टक्के पारदर्शक करून वर ठेवा. चार कोपरे आणि नटाच्या पायाची जागा असे पाच बिंदू फ्रेमच्या रुंदीच्या एका टक्क्याच्या आत जुळले पाहिजेत. मग हेडसेट चढवा, त्या खुणेवर उभे राहा, आणि २ मीटर डावीकडे जा. गल्ली अजूनही गल्लीच वाटत असेल तर फ्लॅट कुठेतरी घन झाले आहेत. परत जाऊन ते सपाट करा.